स्ट्रॉबेरी पायचा तळ ओला राहत असेल तर

वरच्या पट्ट्या सोनेरी, कडा खुसखुशीत, पण सुरी घातली की तळ गिळगिळीत. साताऱ्यात मोसमात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मुबलक, त्यामुळे पाय होतच असतो. जास्त वेळ भाजला तर वरून करपला, कॉर्नफ्लोअर वाढवलं तर सारणाची खळ झाली. अगदी वैताग आला होता.

जमलं ते असं. अर्धा किलो फोडींना 100 ग्रॅम साखर लावून तासभर चाळणीत ठेवल्या, खाली पातेलं. भरपूर लाल रस सुटतो. खरा दोषी तोच. तो आटवून निम्मा केला, त्यात थंड पाण्यात कालवलेलं 2 चमचे कॉर्नफ्लोअर घालून गढूळपणा जाऊन चकाकी येईपर्यंत ढवळलं. पूर्ण गार झाल्यावरच फोडींत मिसळलं.

तोवर फ्रिजमध्ये गार केलेली पारी पत्र्याच्या टिनमध्ये (काचेच्या नको) बसवून काट्याने टोचली, वर बटर पेपर आणि वजनासाठी कोरडा राजमा. 200 अंशांना 15 मिनिटं, मग कागद-राजमा काढून आणखी 7.

सारण भरून, पट्ट्या लावून सर्वांत खालच्या खणात 190 अंशांवर: 20 मिनिटं फक्त खालचा रॉड, नंतर 15 मिनिटं दोन्ही.

कापायच्या आधी दोन तास गार होऊ द्या. घरातल्यांना आवरणं तुमच्याकडे.