परदेशात लग्न करताय? मग कागदपत्रांच्या या चुका टाळा

माझ्या एका मैत्रिणीकडे तिच्या लग्नाचं सर्टिफिकेट आहे, जाड क्रीम रंगाचा कागद, सोनेरी बॉर्डर, खाली दोघांच्या सह्या, फ्रेम करून भिंतीवर लावलंय. लग्नानंतर आठ महिन्यांनी नवऱ्याच्या देशात स्पाउस व्हिसासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा तिने त्याचाच स्कॅन अपलोड केला, आणि चार दिवसांनी मेल आला की यावर नोंदणी क्रमांक दिसत नाही, हे कुठल्या रजिस्ट्रारने दिलंय? कुणीच दिलं नव्हतं हो. रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये आलं होतं ते, केक आणि फुलांच्या कमानीसोबत. समुद्रकिनारी जे झालं ते सुंदर होतं, आम्ही सगळे रडलो वगैरे, पण कायद्याच्या हिशोबाने ते दोघं अजून अनमॅरिडच होते.

सोहळा वेगळा, लग्न वेगळं

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या निम्म्या चुका यातूनच निघतात. परदेशातल्या बऱ्याच पॅकेजमध्ये जो विधी असतो तो सिम्बॉलिक असतो, म्हणजे दिसायला सगळं तसंच, शपथा, अंगठ्या, सह्या, पण त्याची सरकारी दप्तरी नोंद शून्य. थायलंडमध्ये बीचवर कितीही विधी करा, लग्न लागतं ते जिल्हा ऑफिसात नोंद झाली की. फ्रान्समध्ये कायदा मानतो ते फक्त मेयरच्या ऑफिसातलं सिव्हिल लग्न, चर्चमधलं हवं असेल तर ते त्याच्यानंतर. त्यामुळे प्लॅनरशी पहिलं बोलणं होईल तेव्हाच सरळ विचारायचं की हे सिम्बॉलिक आहे का लीगल, लीगल असेल तर नोंद कुठल्या ऑफिसात होणार, सर्टिफिकेट कोण देणार आणि किती दिवसांनी हातात येणार. "तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं आम्ही बघतो" हे या प्रश्नाचं उत्तर नाहीये.

माझं विचाराल तर ज्यांना त्या देशाच्या कागदाचं काही विशेष अप्रूप नाही त्यांनी आपल्याच देशात गुपचूप रजिस्टर करून घ्यावं आणि बाहेर जाऊन मनसोक्त सोहळा करावा, पाहुण्यांना फरकसुद्धा कळत नाही. फक्त एक, असं केलंत तर प्लॅनरला आधीच सांगा की आमचं कायद्याने झालंय, नाहीतर तो तिकडे लीगल लग्नाची फाइल लावून बसेल आणि तुम्ही "मी अविवाहित आहे" अशा फॉर्मवर सही करून मोकळे व्हाल, जे आता खोटं असेल.

आधी व्हेन्यू बुक, मग नियम वाचणं

म्हणजे वरातीमागून घोडं. लोक फोटो बघून जागा ठरवतात, अ‍ॅडव्हान्स भरतात आणि मग कळतं की या देशात आपल्याला लग्न करताच येत नाही किंवा महिनाभर राहावं लागेल. फ्रान्समध्ये जोडप्यापैकी एकाचं किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाचं तरी त्या गावात घर किंवा किमान महिनाभर सलग वास्तव्य लागतं, वर लग्नाची जाहीर नोटीस १० दिवस लागते ती वेगळीच. बीटल्सचा गायक जॉन लेनन आणि योको ओनो यांनाही १९६९ मध्ये पॅरिसमध्ये झटपट लग्न जमेना, शेवटी २० मार्चला विमानाने स्पेनच्या टोकाला असलेल्या ब्रिटिश जिब्राल्टरला जाऊन लग्न केलं आणि लगेच परत पॅरिस! जिब्राल्टरला आजही लोक याचसाठी जातात, तिथे लग्नाच्या आधीची किंवा नंतरची एक रात्र मुक्काम केला की झालं.

असेच सोपे म्हणून डेन्मार्क आणि अमेरिकेतलं लास व्हेगस प्रसिद्ध आहेत. डेन्मार्कमध्ये एक सरकारी कार्यालय तुमचे कागद आधीच ऑनलाइन तपासून लग्नाला परवानगीचं पत्र देतं, ते ४ महिने चालतं. लास व्हेगसचं लग्नाचं लायसन्स (म्हणजे लग्नाआधी घ्यायचा परवाना) देणारं ऑफिस रोज सकाळी ८ ते रात्री १२ उघडं, थांबायचा काळ शून्य. पण अख्खी अमेरिका तशी नाही बरं का, न्यूयॉर्क राज्यात लायसन्स मिळाल्यावर २४ तास थांबावं लागतं आणि ते ६० दिवस चालतं, हवाईचं फक्त ३० दिवस, लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडाचं १ वर्ष. म्हणजे "अमेरिकेत असं असतं" हे वाक्यच चुकीचं, राज्य विचारा.

आणि बाली. बालीची स्वप्नं सगळेच बघतात पण इंडोनेशियाच्या कायद्यात लग्न धर्माप्रमाणे लागतं, मान्यताप्राप्त धर्म ६ आणि दोघांनी एकच धर्म जाहीर करावा लागतो. तुमचे धर्म वेगळे असतील किंवा धर्म लावायचाच नसेल तर तिथे सिम्बॉलिक करा, विषय संपला. समलिंगी जोडप्यांनी तर हे पहिल्यांदा तपासायचं, थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून असं लग्न कायदेशीर आहे, इटलीत मात्र २०१६ पासून सिव्हिल युनियन, म्हणजे जोडीदार म्हणून कायदेशीर नोंद आहे, लग्न नाही. बोटीचा कॅप्टन लग्न लावू शकतो हे पण अर्धसत्य, बोट कुठल्या देशात नोंदवलेली आहे त्यावर ते ठरतं.

कागद खूप लवकर काढणं

उशीर करू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण लवकर काढूनही फसतो माणूस. बहुतेक देश तुमच्याकडून "हा माणूस लग्नाला मोकळा आहे" असा कागद मागतात, कुणी त्याला सिंगल स्टेटस सर्टिफिकेट म्हणतं, कुणी नो इम्पेडिमेंट, इटलीत नुल्ला ओस्ता. हा कागद दुधासारखा असतो, त्याला एक्सपायरी असते, कुठे ३ महिने, कुठे ६. हुशारीने वर्षभर आधी काढून फाइलला लावून ठेवला तर लग्नाच्या दिवशी तो रद्दी. दुसरीकडे तो मिळायलाही वेळ लागतो, ब्रिटनमध्ये त्यासाठी रजिस्टर ऑफिसात नोटीस देऊन २८ दिवस थांबावं लागतं. आणि काही देशांत असा कागद देणारं ऑफिसच नसतं, अमेरिकेत केंद्रीय विवाह नोंदवही असा प्रकार नाही, म्हणून तिथले लोक शपथेवर लिहून देतात, इटलीत तर अमेरिकन लोकांना वर आणखी एक साक्षीदारांसमोरचं शपथपत्र करावं लागतं.

म्हणून तारखा उलट्या मोजायच्या. लग्नाची तारीख लिहा, तिथून मागे या, त्या ऑफिसला कागद किती दिवस आधी पोचायला हवेत, त्याच्या मागे भाषांतराचा आठवडा, त्याच्या मागे अपॉस्टिलचे (कागदावरचा सही शिक्का खरा आहे असं सांगणारा सरकारी दाखला, पुढे सविस्तर येतंय) दिवस, त्याच्या मागे कागद निघायचा वेळ, आणि मग बघा की जो दिवस येतो तो व्हॅलिडिटीच्या आत बसतोय का. नसेल बसत तर कुरियर आणि अर्जंट फीला पर्याय नाही, ते आत्ताच बजेटमध्ये धरा. आणि लग्नाची तारीख त्या देशाच्या सुट्टीवर येत नाही ना हेही बघा, १५ ऑगस्टच्या आसपास इटलीतलं ऑफिस गाठून दाखवा!

अपॉस्टिल, नोटरी, भाषांतर: क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून

इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. अपॉस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातला एक ठरावीक चौकोन, वर फ्रेंचमध्ये कराराचं नाव, आत १ ते १० नंबर दिलेले रकाने, कोणत्या देशाचा कागद, सही कुणाची, कोणत्या हुद्द्यावर, शिक्का कुणाचा, अपॉस्टिल कुठे, कधी आणि कुणी दिलं, नंबर काय वगैरे. तो फक्त एवढंच सांगतो की सही शिक्का खरा आहे, आतला मजकूर खरा आहे असं तो म्हणतच नाही. करारात असलेल्या देशांना एवढं पुरतं. चीन त्यात ७ नोव्हेंबर २०२३ ला आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला, त्यामुळे जुने लेख वाचून एम्बसीच्या चकरा मारू नका. जो देश करारात नाही तिथे मात्र आधी आपलं परराष्ट्र खातं, मग त्यांची एम्बसी अशी साखळी असते, वेळ दुप्पट धरा. युरोपियन युनियनमधल्या एका देशाचा कागद दुसऱ्या सदस्य देशात द्यायचा असेल तर जन्म, विवाह असल्या कागदांना १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपॉस्टिल मागायचंच नाही असा नियम आहे.

आता क्रम. साधारणपणे आधी मूळ कागद, लागत असेल तर नोटरी, मग अपॉस्टिल आणि सगळ्यात शेवटी भाषांतर, कारण अपॉस्टिलवरच्या मजकुराचंही भाषांतर हवं असतं. आधी भाषांतर करून घेतलं की ते अर्धवट ठरतं. काही देशांना भाषांतरकार त्यांच्याच कोर्टाच्या यादीतला लागतो, आपल्याकडचा कितीही चांगला असला तरी चालत नाही, हे आधी विचारा.

बारीकसारीक पण जीवघेण्या गोष्टी: जन्मदाखला लॅमिनेट केलेला असेल तर त्यावर शिक्का कुठे मारणार, नवीन प्रत काढा. अपॉस्टिल वेगळ्या पानावर असेल तर ते कागदाला पिनांनी जोडलेलं असतं, स्कॅन नीट यावा म्हणून ती पिन काढू नका, काढलेली भोकं दिसली की काउंटरवरचा माणूस कागद परत सरकवतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्या मुलाने बिचाऱ्याने पिन परत त्याच भोकांतून घालायचा प्रयत्न केला होता. आणि अपॉस्टिल जिथला कागद तिथूनच मिळतं, अमेरिकन राज्याचा कागद असेल तर त्या राज्याच्या ऑफिसातून, एम्बसी ते देत नाही.

नाव, तारीख, जुना घटस्फोट

पासपोर्टवर मधलं नाव आहे, जन्मदाखल्यावर नाही, घटस्फोटाच्या डिक्रीवर (कोर्टाच्या हुकूमनाम्यावर) जुनं आडनाव आणि तिकिटावर चौथंच काहीतरी. रजिस्ट्रारला तुम्ही चार वेगळी माणसं दिसता. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा, दोघांनी नाही, तिसऱ्या माणसाला बसवा, कारण आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं. फरक असेल तर "ही एकच व्यक्ती आहे" असं शपथपत्र चालेल का ते त्या ऑफिसला मेलवर विचारा, उत्तर लेखी घ्या. चालत नसेल तर पासपोर्ट किंवा दाखला दुरुस्त करण्यात महिने जातात. तारखांमध्ये ०४/०७ दिसलं की भाषांतरकाराला महिना अक्षरात लिहायला सांगा, कुणी ४ जुलै वाचतं कुणी ७ एप्रिल.

आधीचं लग्न मोडलं असेल तर डिक्री अंतिम झालेली लागते, अर्ज केल्याची पावती नाही. आणि काही देशांत बाईला घटस्फोटानंतर थांबावं लागतं, इटलीत ३०० दिवस, थायलंडमध्ये पुरुषाशी लग्न करायचं तर ३१०, त्यातून सूट मिळते पण ती आधी मागावी लागते. जपानने असा १०० दिवसांचा नियम एप्रिल २०२४ पासून काढून टाकला, बाकीचे कधी शहाणे होणार कोण जाणे.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन लग्न

कुठे चालतं, कुठे अजिबात नाही. ब्रिटनमध्ये तिथे लग्न करायचं म्हणून जाणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांना मॅरेज व्हिजिटर नावाचा वेगळा व्हिसा लागतो, साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न करता येत नाही. इमिग्रेशनला "फिरायला आलोय" म्हणून सांगायचं आणि बॅगेत लग्नाचे कपडे, हे अंगाशी येतं. साक्षीदार किती, त्यांचे पासपोर्ट मूळ लागतात का, दुभाषा लागतो का (इटलीत भाषा येत नसेल तर लागतोच) हे एका मेलमध्ये विचारून घ्या. तिकिटं मात्र पासपोर्टवर आत्ता जे नाव आहे त्याच नावाने काढा, लग्नानंतरच्या नव्या नावाने हनिमूनचं तिकीट काढलेली जोडपी विमानतळावरच अडकतात.

लग्न झालं, आता अडकलात तर

सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. स्पेलिंग चुकलं असेल तर त्या देशात असताना दुरुस्ती तासाभराची, घरी आल्यावर सहा महिन्यांची. लास व्हेगसमध्ये चॅपलवाले जे छान सर्टिफिकेट देतात ते आठवण म्हणून ठेवा, विधी लावणाऱ्याने १० दिवसांत नोंद करायची असते, ती झाल्यावर काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडून, सर्टिफाइड कॉपी मागवायची आणि अपॉस्टिल नेवाडा राज्याकडून. ही कॉपी किमान ३ घ्या, बँक, व्हिसा, पासपोर्ट सगळ्यांना मूळच हवी असते.

मग आपल्या देशात कळवायचं का? यात एकच उत्तर नाही. जपानी नागरिकाला परदेशातल्या लग्नाची माहिती ३ महिन्यांत द्यावी लागते, ब्रिटनमध्ये परदेशी लग्नाची नोंद करण्याची सोयच नाही, तिकडचं सर्टिफिकेट हाच पुरावा. तुमच्या देशाचं तुम्ही बघा, आणि परत आल्यावर नाही, जायच्या आधी.

कागद वेळेत आलेच नाहीत तर पाहुणे परत पाठवू नका. ठरल्या दिवशी सिम्बॉलिक सोहळा करा, रजिस्ट्रेशन नंतर सोयीने, मात्र सेलिब्रंटला, म्हणजे विधी लावणाऱ्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे तो कायद्याची वाक्यं वगळेल. माझ्या मैत्रिणीसारखं उशिरा कळलं की लग्न लागलंच नव्हतं, तर जिथे सोपं असेल तिथे आता लावून घ्या आणि पुढच्या प्रत्येक फॉर्मवर सोहळ्याची नाही, ही नंतरच्या कायदेशीर लग्नाचीच तारीख लिहा. तिने तेच केलं, एका मंगळवारी, जीन्सवर, लंच ब्रेकमध्ये. जुनी तारीख फॉर्मवर लिहायचा मोह तिलाही झाला होता पण फॉर्म आणि सर्टिफिकेट जुळलं नाही की अर्ज तिथेच लटकतो.

सर्टिफिकेट हरवलं तर घाबरू नका, नोंद रजिस्टरमध्ये असतेच, नवीन कॉपी मिळते. त्यासाठी ऑफिसचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख लागते, ती लग्नाच्याच दिवशी फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा.