दुर्मीळ खलनायक हाती लागला? फिगर पारखताना या चुका टाळा

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानात किंवा परदेशाहून आलेल्या ट्रंकेत क्वचित १९८०च्या दशकातली एखादी अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे कॉमिक्समधल्या पात्राची हात-पाय हलणारी छोटी प्लास्टिकची बाहुली निघते. नुकसान बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी होतं. कुणी ती बादलीत बुडवतं, कुणी अडकलेला सांधा पिळतं, कुणी 'दुर्मीळ' या एका शब्दावर पैसे मोजून मोकळं होतं. इथे उदाहरणं केनर या अमेरिकन खेळणी कंपनीच्या, डीसी कॉमिक्सच्या पात्रांवरच्या सुपर पॉवर्स मालिकेची (१९८४ ते १९८६) घेतली आहेत. जोकर, पेंग्विन, लेक्स ल्यूथर, ब्रेनियाक, डार्कसाइड असे नावाजलेले खलनायक तिच्यात आहेत.

शिक्क्यावरचं साल म्हणजे बनवल्याचं साल, असं धरणं

अंगावर कोरलेलं साल कॉपीराइटचं किंवा साच्याचं असतं. तोच साचा पुढे कितीही वर्षं वापरला जाऊ शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. टॉय बिझ या दुसऱ्या खेळणी कंपनीने १९८९मध्ये याच धाटणीचे जोकर, पेंग्विन आणि ल्यूथर काढले आणि ते आजही केनरचे म्हणून विकले जातात. म्हणून चेहऱ्यावर भुलू नका. पाय आणि पाठ भिंगाखाली धरून साल आणि नाव दोन्ही वाचा.

'दुर्मीळ'चा पुरावा न मागणं

या मालिकेत केनरने रिडलर हा बॅटमॅनचा खलनायक कधीच काढला नाही. तो निघाला अर्जेंटिनात. तिथल्या पॅसिपा कंपनीने ग्रीन लँटर्न या नायकाच्याच साच्यावर वेगळा रंग देऊन 'एल आसेर्तिहो' या नावाने तो विकला. संग्राहक ज्याच्यासाठी सर्वाधिक धडपडतात अशा खलनायकांपैकी हा एक, आणि नेमका तोच नकली बनवायला सर्वात सोपा: साधा ग्रीन लँटर्न घ्या आणि रंगवा. साचा एकच असल्यामुळे अंगाच्या ठेवणीवरून काहीच सिद्ध होत नाही. निकाल रंगावर लागतो. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, दहापट भिंगाने पाहा. घरी मारलेला रंग खांद्याच्या फटीत साचतो, फिगरचा हात हळूच फिरवला की त्याचा पापुद्रा सुटतो आणि खालून दुसराच रंग डोकावतो. कुंचल्याच्या रेघा तिरप्या उजेडात दिसतात. कारखान्यातला फवारलेला रंग पातळ आणि सारखा असतो. विकणारा जवळून काढलेले फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच सोडा.

पाय दाबून दाबून पाहणं

या फिगरचे पाय दाबले की हात हलतात. काहींमध्ये उलट, हात दाबले की पाय हलतात. चाचणी एकदाच, दोन बोटांनी, हलक्या दाबाने करा. हात हलून पुन्हा जागेवर आला तर यंत्रणा शाबूत आहे. अर्धाच हलला तर थांबा. आतला भाग झिजलेला किंवा तुटलेला असतो, आणि धड कायमचं बंद केलेलं असल्याने उघडायला गेलात की फुटतं. डिसेंबरातल्या गार सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं. फिगर आधी तासभर खोलीच्या तापमानाला राहू द्या.

घरगुती उपायांनी चकाकी आणणं

ब्रेनियाकच्या अंगावर चांदीसारखा क्रोमचा मुलामा आहे. टूथपेस्ट, ब्रासो, खरखरीत फडकं, यातलं काहीही लागलं की मुलामा उडतो आणि परत येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लास्टिकच विरघळतं, सॅनिटायझरने रंग सुटतो. पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइडही नको. रंग फिका पडतो आणि पिवळेपणा कालांतराने परत येऊ शकतो.

योग्य पद्धत साधी आहे: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, पिळून घेतलेलं मऊ सुती कापड. बुडवायचं नाही, कारण सांध्यातून आत शिरलेलं पाणी सहज निघत नाही. मऊ प्लास्टिक चिकट लागत असेल तर त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येतोय. हलकेच पुसा, पावडर चोपडू नका, नाहीतर तिचा लगदा बसतो.

हत्यार खरंच मूळचं आहे, असं मानणं

जोकरचा हातोडा, पेंग्विनची छत्री, स्टेपनवुल्फची कुऱ्हाड लहान असल्यामुळे हरवतात, म्हणून त्यांच्या नकला भरपूर आहेत. नक्कल अनेकदा मूळ वस्तूवरूनच साचा घेऊन केलेली असते. त्यामुळे ती किंचित लहान आणि कडांना बोथट येते. मूळ वस्तूशी शेजारी ठेवून मोजा. 'पाण्यात तरंगतं तेच खरं' ही चाचणी दुसऱ्याच एका मालिकेच्या हत्यारांवरून आली आहे, तिच्यावर इथे विसंबू नका.

कार्ड न तपासता सीलबंद फिगर घेणं

नोटा छापणाऱ्या नाशिकरोडला छपाई कशी पारखतात हे सांगायला नको. ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपके नेमक्या गुच्छांत दिसतात, घरच्या प्रिंटरचे विस्कटलेले असतात. ब्लिस्टरची, म्हणजे कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कवचाची कड सगळीकडून सारखी चिकटलेली हवी. गोंदाचा चकचकीत ओघळ किंवा कागदाचे फाटलेले तंतू दिसले तर ते पुन्हा चिकटवलेलं आहे. यूव्ही टॉर्चने कार्ड निळसर चमकलं तर शंका घ्या, पण निकाल देऊ नका, कारण चमक देणारी द्रव्यं जुन्या कागदांतही असत. ग्रेडिंग केलेल्या, म्हणजे स्थिती तपासून गुण दिलेल्या फिगरवर कार्ड, ब्लिस्टर आणि फिगरचे वेगवेगळे गुण असतील तर तेही वाचा. एकूण गुण चांगले असूनही ब्लिस्टरचे कमी असू शकतात.

माळ्यावर ठेवणं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा स्लॅबखालचा माळा भट्टी होतो. पाय वाकतात, कार्ड वळतं. पावसाळ्यात त्याच कार्डावर बुरशीचे डाग येतात. आतल्या भिंतीचं कपाट, पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या वापरा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. डांबरगोळ्या मात्र चुकूनही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे सोडून प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे आकडे बघा. तुलना त्याच स्थितीतल्या, त्याच हत्यारांसह असलेल्या फिगरशीच करा. परदेशातून मागवणार असाल तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरूनच बोली लावा.