तुळईतील भेग कंपनांवरून कशी ओळखावी

तुळईला भेग पडली तरी तिचे वजन तेवढेच राहते, पण त्या जागी ताठरता घटते आणि नैसर्गिक वारंवारता, म्हणजे टोला दिल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा कंप पावते तो आकडा, उतरते. ही घट बहुधा इतकी लहान असते की मोजणीत जराशी ढिलाई झाली तरी ती दिसेनाशी होते. म्हणून भेगेच्या मागे लागण्याआधी मोजणीच पारखून घ्यावी.

सरावासाठी 6 मिमी जाडीची पोलादी पट्टी एका टोकाला जड व्हाइसमध्ये आवळावी आणि 500 मिमी लांबी मोकळी ठेवावी. सूत्राप्रमाणे तिची पहिली वारंवारता सुमारे 19.6 हर्ट्झ आणि दुसरी 123 हर्ट्झच्या आसपास येते. प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो, कारण कोणतीही पकड सूत्रात धरलेली असते तितकी घट्ट नसते. काही ग्रॅमचा प्रवेगमापक (कंपन टिपणारा संवेदक) मेणाने चिकटवावा. मोबाइल बांधू नये, त्याचे वजनच वारंवारता भेगेहून जास्त उतरवते. मोकळ्या टोकापासून सुमारे 108 मिमीवरची जागाही टाळावी, कारण दुसऱ्या मोडमध्ये, म्हणजे दुसऱ्या वारंवारतेच्या कंपनात, तो बिंदू हलतच नाही. हलका टोला देऊन 20 सेकंदांची नोंद घ्यावी. तिच्या एफएफटीत (नोंदीतील वारंवारता वेगवेगळ्या काढणाऱ्या गणितात) 0.05 हर्ट्झपर्यंतचा फरक वेगळा दिसतो. मग व्हाइस सैल करून पुन्हा आवळावा व हेच काही वेळा करावे. आकड्यांत जेवढी तफावत पडेल, त्याहून लहान घटीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

आता हॅक्सॉने काप घेऊन दोन्ही मोड पुन्हा मोजावेत. ज्या मोडचा वाक कापाच्या जागी जास्त, त्याची वारंवारता जास्त उतरते. काप व्हाइसपासून 108 मिमीवर असेल तर पहिला मोड उतरतो आणि दुसरा जवळपास तसाच राहतो, कारण तेथे दुसऱ्याचा वाक शून्य असतो. काप मध्यावर असेल तर टक्केवारीने दुसराच अधिक उतरतो. दोन मोडमधील घटींचे गुणोत्तर भेगेच्या जागेवर अवलंबून असते, खोलीवर नाही, हे कॉली आणि ॲडम्स या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवले. दोन्ही टोकांना सारख्याच टेकलेल्या तुळईत मात्र मध्यापासून समान अंतरावरच्या दोन जागा या गुणोत्तराला सारख्याच दिसतात.

पुलावर काम याहून अवघड होते. स्वित्झर्लंडच्या झेड-24 पुलावर कडाक्याच्या थंडीत डांबरी थर गोठून ताठ होई आणि वारंवारता वर जाई. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहावे, तुलनेसाठी निदान वर्षभराच्या नोंदी जमवाव्यात, आणि संशयाची जागा हाती लागली की तेथे अल्ट्रासॉनिक चाचणी करून घ्यावी.