यात्रेहून आणलेल्या शिंगराचा पाय सुजला तर

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, पाठोपाठ माळेगावची यात्रा. या दिवसांत वर्ष-दीड वर्षाची शिंगरं टेम्पोत रात्रभर उभी राहून नव्या दावणीला येतात आणि लगेच विचारणा सुरू होते: पाय सुजलाय, काय लावू? लावायचं नंतर बघू. आधी सूज कुठली आहे ते चाचपून ठरवा.

दोन्ही मागचे पाय घोट्याभोवती सारखेच भरलेत, दाबल्यावर बोटाचा खळगा पडतो, पण पाय गरम नाहीत आणि शिंगरू लंगडत नाही, तर ती उभं राहून उतरलेली सूज. सकाळ-संध्याकाळ हातात धरून अर्धा तास सावकाश फिरवा, ओसरते.

एकच पाय सुजलाय, हाताला ऊन लागतोय, शिंगरू त्यावर भार देत नाही, तर प्रकरण वेगळं. पहिल्यांदा खूर उचला. तळवा खरवडून शेण-माती काढा, खाचा बघा. खिळा घुसलेला असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर उपटू नका. तो कुठे, किती खोल गेलाय हे त्यांना दिसायला हवं. अचानक तीन पायांवर आलेल्या घोड्यात पुष्कळदा खुरात पू निघतो, आणि आपण मात्र खांद्याला तेल चोळत बसतो.

मग दोरीची जागा बघा. अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोरीने बांधायची आपली पद्धत. नवं शिंगरू बिथरून झटके देतं आणि पिछाडी खुराच्या वरच्या वळणात रुतते. वरून काही दिसत नाही. केस बाजूला सारले की लालसर ओली रेघ दिसते. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून ती धुवा, कोरडी ठेवा, आणि त्या पायाला पुन्हा दोरी नको. नायलॉनची तर कुठल्याच पायाला नको.

सांध्याजवळची जखम बोटाएवढी असली तरी लहान समजू नका. तिच्यातून पिवळसर, बोटांत तार धरणारा द्रव येत असेल तर सांधा उघडा पडलाय. सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लसीचं विकणाऱ्याला विचारा. ‘झालीय’ म्हणाला आणि कागद नसेल, तर झालेली नाही असंच धरून डॉक्टरांना सांगा.

जखम नाही, नुसता मुका मार आहे, तर पहिले दोन दिवस गार पाणी. पाइपची धार 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीनदा. नंतर पाय पुसून कोरडा करा, थंडी आहे. शेकायचं नाही, चोळायचं नाही. डागायचं तर मुळीच नाही, जुनी मंडळी कितीही आग्रह करोत. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड थर हवा. नुसती आवळलेली पट्टी पायामागच्या शिरेला (कंडरेला) इजा करते. बांधून ठेवलंय तोवर हरभरा कमी करा, सुका चारा वाढवा.

वेदनाशामक डॉक्टरांच्या हिशोबानेच. डायक्लोफिनॅक कुणी दिलं तरी घेऊ नका, जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. शिवाय दुखणं दबलं की शिंगरू उड्या मारतं आणि तोच पाय पुन्हा मोडून घेतं.

गुडघ्याच्या जरा वर, दोन्ही पायांना टणक फुगवटा असेल तर तो बहुधा मार नव्हे, खुराक. बाजारात भरलेलं दिसावं म्हणून गव्हाचा कोंडा वारेमाप घालतात. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. वाढत्या हाडाचं टोक सुजतं. अशा शिंगरावर अडीच-तीन वर्षांपर्यंत ना स्वारी, ना नाचकाम.

पायावर ओळीने गाठी उठल्या, फुटून मधासारखा पू आला, नाक वाहतंय किंवा ताप 101.5 फॅरनहाइटच्या वर आहे, तर ग्लँडर्सची शंका धरा. हा रोग माणसालाही होतो. उघड्या हाताने पू पुसू नका, शिंगरू वेगळं बांधा, बादली-खरारा वेगळा ठेवा आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा 1962 या फोन क्रमांकावर कळवा. 2009 च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. अहवाल येईपर्यंत ते शिंगरू विकायचं नाही की दुसऱ्या यात्रेला न्यायचं नाही.