केमो संपली, पोर्ट आतच आहे: डे-केअरच्या नव्या सिस्टरांसाठी

जीएनएमचा नर्सिंग कोर्स झाल्यावर तीन वर्षं जनरल वॉर्डात काढली आणि मग केमोच्या डे-केअरला आले. न सापडणाऱ्या शिरा शोधायची सवय होती, पोर्टची नव्हती.

पोर्ट म्हणजे कॉलर बोनच्या खाली, कातडीच्या आत बसवलेली छोटी डबी. वरून सिलिकॉनचा पडदा, आणि तिच्यातून निघालेली नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. केमो चालू असते तोवर दर दोन-तीन आठवड्यांनी सुई लागतेच, म्हणून ती आपोआप सलाइननं धुतली जाते, म्हणजे फ्लश होते. हेळसांड होते ती नंतर. आजार उलटेल की काय म्हणून डॉक्टर पोर्ट लगेच काढत नाहीत, आणि बाई तर बरी होऊन रानात कामाला लागलेली असते.

बीडकडची एक अक्का अशीच. दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेली ती मार्चअखेर उगवली. 'दुखतच न्हाई तर कशाला येऊ ओ सिस्टर?' म्हणाली. बाहेर रांग लागलेली. मी रक्त न ओढताच सलाइन ढकललं. हात जड लागला, तरी जोर केला. डबीच्या कडेनं कातडी टम्म फुगली. सुई पडद्यात गेलीच नव्हती. सलाइन होतं म्हणून निभावलं. त्या जागी ॲड्रियामायसिन, म्हणजे पेशंट ज्याला लाल औषध म्हणतात ते, असतं तर आतलं मांस सडलं असतं.

तेव्हापासून रक्त मागे आल्याशिवाय मी काहीही आत सोडत नाही. कातडीवर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावा आणि वाळू द्या, फुंकर मारू नका. डबी दोन बोटांत घट्ट धरा, ह्यूबर सुई, म्हणजे पोर्टची खास सुई, सरळ उभी घाला, तळाला टेकल्याचं बोटाला कळतं. साधी सुई पडद्याचा तुकडा पाडते, म्हणून ह्यूबरच. सिरिंज 10 मिलीची किंवा मोठी. लहान सिरिंजचा दाब जास्त बसतो, नळी फाटू शकते. रक्त आलं नाही तर मान वळवायला सांगा, खोकायला सांगा, हात वर करायला सांगा. तरी नाहीच आलं तर डॉक्टरांना बोलवा. नळीच्या तोंडाशी पापुद्रा धरलेला असतो, कधी नळी कॉलर बोन आणि बरगडीत चेपलेली असते. चेपलेली नळी एक्स-रेत दिसते, आणि यातलं काहीच जोर करून सुटत नाही.

सलाइन थांबत थांबत, धक्क्याधक्क्यानं द्या. शेवटचा अर्धा मिली ढकलता ढकलताच सुईच्या नळीचा क्लॅम्प (चिमटा) लावा, नाहीतर रक्त मागे ओढलं जाऊन नळीत गोठतं.

हेपरिनपाशी, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधापाशी, मात्र थांबा. लॉकला, म्हणजे शेवटी नळीत भरून ठेवायला, सहसा मिलीला 100 युनिट लागतात, आणि आपल्याकडच्या 5 मिलीच्या व्हायल मिलीला 1000 च्याही येतात, 5000 च्याही. दोन्ही एकाच ट्रेमध्ये पाहिल्यात मी. 1000 वाल्यातलं 1 मिली 9 मिली सलाइनमध्ये घातलं की हिशोब बसतो. 5000 वाल्याला तेच केलंत तर पाचपट जातं. लेबल मोठ्यानं वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा. काही ठिकाणी नुसत्या सलाइनवरच लॉक करतात, तेही चालतं. जिथं आहात तिथली पद्धत पाळा.

फ्लश किती दिवसांनी? कंपनीच्या कागदावर साधारण चार आठवडे असतात, बरेच डॉक्टर आता आठ ते बारा आठवडे चालवतात. फ्लश करून गेल्यावर थंडी वाजून ताप आला तर पोर्टमध्ये जंतू बसलेत असं धरूनच पेशंटला परत बोलवा. 'पॅरासिटामॉल घ्या' म्हणून फोन ठेवू नका.

तारीख नुसती लिहून दिली तर कुणी लक्षात ठेवत नाही. 'पोळा झाला की या' म्हटलं की येतात. ऊसतोडीला जाणारी असेल तर निघायच्या आधीच फ्लश करा, आणि पोर्ट ठेवायचा की काढायचा ते डॉक्टरांकडून तेव्हाच ठरवून घ्या. काढायला जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया पुरते. ठेवायचाच असेल तर कारखान्याजवळचं केमोचं केंद्र कार्डावर लिहून द्या. रजिस्टरमध्ये नवऱ्याचा नंबर असतो, तो हंगामात लागत नाही. मुकादमाचा घ्या.