मुलाची चिडचिड नैराश्याची तर नाही ना, हे कसे ओळखावे आणि पुढे काय करावे

मोठ्यांचे नैराश्य बहुधा उदासीतून दिसते. मुलांचे मात्र पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडते आणि घरात त्याला उद्धटपणा किंवा आळस म्हटले जाते. रोज संध्याकाळी मैदानावर जाणाऱ्या आठवीतल्या मुलाची बॅट दाराआड धूळ खात पडते, डबा अर्धा भरलेलाच परत येतो, शाळेच्या वेळी पोट दुखते आणि तपासणीत काहीच सापडत नाही, तेव्हा रागावण्याआधी एवढे पाहावे की हा बदल किमान दोन आठवडे जवळजवळ रोज टिकून आहे का आणि त्यामुळे झोप, भूक, अभ्यास किंवा मैत्री बिघडली आहे का.

समोर बसवून केलेल्या चौकशीपेक्षा गाडीवरून ट्यूशनला सोडताना मुले अधिक बोलतात, असे मला वाटते. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे. ‘जगूच नये असे वाटते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत. थायरॉईड किंवा रक्तक्षय यांमुळेही अशी मरगळ येऊ शकते, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगू शकतात. सौम्य त्रासात समुपदेशन आणि झोपेची घडी बसवणे पुरू शकते. त्रास त्याहून अधिक असेल, तर विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती आणि गरजेनुसार औषध दिले जाते. मुलांसाठी बहुधा फ्लुऑक्सेटीन आधी निवडतात. त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढतात, म्हणून त्या काळात बारीक लक्ष ठेवावे आणि असे काही दिसताच डॉक्टरांना कळवावे. मूल हसू-खेळू लागले की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. पण बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात.