गुलाबांच्या युद्धांची कारणं एका ड्रॉइंग शीटवर कशी मांडायची

नाशिकच्या कॉलेज रोडला माझा इतिहासाचा क्लास आहे. मुलं बरीचशी दिंडोरी-निफाडकडची. इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांची, म्हणजे पंधराव्या शतकात राजघराण्याच्या दोन शाखांत झालेल्या यादवीची, कारणं विचारली की वही उघडायच्या आत उत्तर येतं, "सर, लँकेस्टर आणि यॉर्क, गादीवरून भांडण." एवढ्यावर दोन मार्क मिळतील. बाकीचे मिळवायचे तर असं करा.

ड्रॉइंग शीट आडवी धरा. डाव्या कोपऱ्यात तिसऱ्या एडवर्डची वंशावळ काढा, पण अख्खी नको. त्याचे पाच मुलगे मोठे झाले. थोरला, ब्लॅक प्रिन्स, बापाच्या आधी १३७६ मध्ये गेला, म्हणून त्याचा दहा वर्षांचा मुलगा दुसरा रिचर्ड गादीवर आला. दुसरा लायनेल, तिसरा जॉन ऑफ गाँट म्हणजे लँकेस्टर, चौथा एडमंड म्हणजे यॉर्क. पाचवा इथे लागत नाही. १३९९ मध्ये गाँटच्या मुलाने रिचर्डला उतरवलं आणि तो चौथा हेन्री झाला. आपल्या गोष्टीतला यॉर्कचा ड्यूक रिचर्ड बापाकडून चौथ्या मुलाचा वंशज, पण आईकडून दुसऱ्याचा. मधे लायनेलची मुलगी येते. हे पोरांना लगेच कळतं. सातबाऱ्यावर वारस लावताना बहिणीचं नाव निघालं की भाऊबंदकीत काय होतं, ते घरोघरी पाहिलेलं असतं.

आता तो कोपरा मागे दुमडून टाका. खरंच दुमडा.

कारण यापुढे प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारायचा : हे आधीही होतं, मग युद्ध तेव्हाच का नाही झालं? आईकडचा हक्क यॉर्ककडे १४२५ पासून होता. त्याच्या बापाचं डोकं तर १४१५ मध्येच कटापायी उडालं होतं. तरी देश फुटला नाही, कारण चौथ्या हेन्रीचा मुलगा पाचवा हेन्री त्याच वर्षी फ्रान्समध्ये अ‍ॅजिनकोर्टला जिंकत होता. तो १४२२ मध्ये गेला तेव्हा मुलगा नऊ महिन्यांचा. हा सहावा हेन्री मोठा झाला, पण राज्य हाती घेण्याइतका कधी झाला नाही. शीटच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहा : राजाच्या नावाने सही कोण करणार?

बाकी सगळं याच्याभोवती लावा. डावीकडे पैसा आणि फ्रान्स. फ्रान्समधल्या इंग्लंडच्या मुलखांपैकी १४५० मध्ये नॉर्मंडी गेली, १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईनंतर गॅस्कनीही. तिजोरीवर ३,७२,००० पौंडांचं कर्ज. फ्रान्समधल्या कामगिरीचे यॉर्कचे पैसे थकलेले, आणि नॉर्मंडी ज्याच्या हातून गेली तो सॉमरसेटचा ड्यूक मात्र दरबारात वर चढलेला. यॉर्कचा राग आधी इथला आहे. त्याच १४५० मध्ये केंट परगण्यातली माणसं जॅक केड या बंडखोर पुढाऱ्याच्या मागे लंडनमध्ये घुसली, तीही राजाच्या सल्लागारांवर चिडून.

उजवीकडे सरदारांची भांडणं. हा भाग मुलं एका ओळीत उडवतात आणि मला तोच सर्वांत आवडतो. उत्तरेत पर्सी आणि नेव्हिल ही दोन बडी घराणी. ऑगस्ट १४५३ मध्ये नेव्हिलांकडचं लग्नाचं वऱ्हाड परत येत होतं, तर यॉर्क शहराजवळ ह्यूवर्थ मूरला पर्सीचे लोक वाट अडवून उभे. का? नवरी ज्याची वारस, त्याच्याकडे पूर्वी पर्सींची असलेली रेसलची जहागीर होती. ती आता नेव्हिलांच्या घरात जाणार! असल्या भांडणात निवाडा करायचा राजाने. पण नेमक्या त्याच महिन्यात राजाची शुद्ध हरपली. कोणी बोललं तर ओळख नाही, उत्तर नाही. वर्षभराहून अधिक हे चाललं. नेव्हिल यॉर्ककडे गेले, पर्सी दरबाराकडे.

बाणाने दोन्ही बाजू जोडा आणि खाली लिहा : पहिली लढाई, सेंट ऑल्बन्स, २२ मे १४५५. मेले कोण ते बघा. सॉमरसेट, म्हणजे यॉर्कचा वैरी. नॉर्थम्बरलंडचा अर्ल, म्हणजे पर्सी. राजाच्या मानेला बाण लागला, पण यॉर्कने त्याला राजा म्हणूनच लंडनला नेलं.

आपल्याकडची मुलं इथे हटकून पेशवाईसाठी पुतण्याशी भांडलेला राघोबादादा काढतात. आनंदवल्ली हाकेच्या अंतरावर, धोडपही आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे मोह होतोच. उत्तरात घालू नका. राघोबाचा पुतण्या माधवराव पेशवा कर्तबगार होता, त्याने १७६८ मध्ये धोडपला काकाला हरवून कैदेत टाकलं. हेन्रीच्या गोष्टीत नेमकं तेच नाही.

आता दुमडलेला कोपरा उलगडा आणि त्याच्यापासून थेट ऑक्टोबर १४६० पर्यंत रेघ ओढा. मधे १४५९ च्या पार्लमेंटने यॉर्कला आणि नेव्हिलांना राजद्रोही ठरवून जमिनी काढून घेतल्या होत्या. परतायची वाट बंद झाल्यावर यॉर्क वेस्टमिन्स्टरला आला, सिंहासनावर हात ठेवला आणि जयजयकाराची वाट पाहत राहिला. सरदार गप्प. ज्या वंशावळीला आपण पहिलं कारण म्हणतो, ती त्याने पहिल्या लढाईनंतर पाच वर्षांनी बाहेर काढली. तीही चालली अर्धीच : हेन्री मरेपर्यंत राजा, मग गादी यॉर्कची. हेन्रीची राणी मार्गारेट, तिच्या मुलाचा हक्क गेला, म्हणजे तिला लढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. डिसेंबरात वेकफील्डला यॉर्क मारला गेला, मार्च १४६१ मध्ये टॉटनला त्याच्या मुलाने, चौथ्या एडवर्डने, गादी जिंकली.

इथे शीट संपवा. १४६४ चं चौथ्या एडवर्डचं गुपचूप लग्न, नेव्हिलांपैकी वॉरिकचं त्याच्याशी बिनसणं आणि १४८३ मध्ये एडवर्डच्या मुलाकडून काकाने घेतलेली गादी यांची कारणं वेगळी आहेत; त्यांना दुसरी शीट लागेल.